गुरुवारची घंटा

या सदराच्या एका वाचक-भगिनीनें मला पत्र लिहून सरळ प्रश्न विचारला आहे. त्यांचे यजमान गांवांतील रोटरी क्लबाचे सभासद झाल्यापासून आठवड्यांतील एक संध्याकाळ घरास मुकली आहे. मुलें अभ्यासास बसत नाहींत, सासूबाई जेवणासाठीं ताटकळतात, आणि स्वारी रात्रीं साडेनवास हातांत एखादा पुष्पगुच्छ घेऊन परत येते. 'या सभांतून खरोखर कांहीं होतें, कीं जेवणाचें तें एक प्रतिष्ठित निमित्त आहे?' असें त्या विचारतात. प्रश्न मला नवा नाहीं. तो मी आमच्या घरीं, याहून पुष्कळ कडू शब्दांत, तीन वर्षें विचारीत आलों होतों. गेल्या आषाढापासून विचारणें सोडलें; तें कां, तें ओघानें येईल. मात्र आमच्या घरची स्वारी म्हणजे यजमान नव्हेत. ती सूनबाई.

आमचें कुटुंब एकत्र आहे. आम्ही दोघे भाऊ, आमचीं कुटुंबें, माझा मुलगा व सून, धाकट्याचा मुलगा आणि दोन नातवंडें, अशीं नऊ पानें रोज रात्रीं मांडलीं जातात. चुली दोन होण्याचे प्रसंग दोन वेळां येऊन गेले, पण चूल अद्याप एकच आहे. सूनबाई दंतवैद्य आहे. गुरुवार हा दत्ताचा वार. त्या दिवशीं साडेसातास आरती व्हावी आणि मग घरांतील उपास करणाऱ्यांनीं उपास सोडावा, हा माझ्या आईच्या वेळेपासूनचा परिपाठ. आणि नेमक्या त्याच वेळीं सूनबाई गाडी काढून क्लबांत जाणार! बरें, तेथें जेवण असतें, तेंही ही घेत नाहीं. गुरुवारचा उपास घरीं येऊन सोडते. म्हणजे पंगतीस एक पान कमी, आणि स्वयंपाकघर दहापर्यंत उघडें. घंटेनें सुरू होणारी आणि घंटेनें संपणारी सभा, म्हणून मी त्या मंडळींस 'घंटाकर्ण' म्हणत असें. कानांस घंटा बांधून नको तें ऐकूंच न येईल अशी व्यवस्था करणारा पुराणांतला तो घंटाकर्ण वाचकांस ठाऊक आहेच. सूनबाईनें मला कधीं उलट उत्तर दिलें नाहीं. पण गुरुवारही कधीं चुकविला नाहीं. अशा माणसाशीं भांडणें फार कठीण.

यंदाच्या माघांत एके सकाळीं चहाचा पेला पुढें ठेवून ती म्हणाली, "बाबा, येत्या गुरुवारी आमच्याकडे ज्यांचं व्याख्यान होतं, ते येत नाहीत. तुम्ही याल का? वीस मिनिटं बोलायचं आहे."

श्राद्धाच्या दिवशीं ठरलेला ब्राह्मण आला नाहीं म्हणजे गल्लींतल्या कोणास तरी बोलावून आणतात, तसा हा मान. मी मनांत थोडा फुगलों, थोडा रुसलों. इतक्यांत आमचें कुटुंब आंतून म्हणालें, "जा हो. तेवढी वीस मिनिटं घराला विसावा." मग काय, गेलों.

स्टेशन-रस्त्यावरील एका उपाहारगृहाची माडी. दारांत प्रत्येकाच्या छातीवर नांवाचा बिल्ला लावला जात होता. बिल्ल्यावर नांवाखालीं व्यवसाय. समोर लांब मेज, अध्यक्षांपुढें पितळी घंटा आणि लांकडी हातोडी. आठ वाजतां, म्हणजे बरोबर आठ वाजतां, टोला पडला. छत्तीस वर्षें मीं शाळेची घंटा ऐकली आहे. वेळेवर पडलेला टोला आणि कोणीतरी आल्यावर पडलेला टोला यांतील फरक माझ्या कानास कळतो. मला वाटलें होतें, मान्यवरांची वाट पाहण्यांत अर्धा तास जाईल. त्या दिवशीं एक मान्यवर खरोखरच उशिरां आले. त्यांस दारांत थांबवून, 'सार्जंट' असें भारदस्त नांव धारण करणाऱ्या एका हंसऱ्या औषधविक्रेत्यानें पन्नास रुपये दंड घेतला आणि मगच आंत सोडलें. छत्तीस वर्षांत उशिरां येणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर मीं असा आनंद कधीं पाहिला नव्हता.

राष्ट्रगीत झाल्यावर सर्वांनीं उभ्यानेंच चार प्रश्न म्हटले. शिकागोंतील हर्बर्ट टेलर या गृहस्थांनीं १९३२ सालीं, भांडीं विकणारी एक बुडत चाललेली कंपनी हातीं घेतली असतां, आपल्या हाताखालच्या माणसांसाठीं ते रचले, आणि पुढें या संस्थेनें ते आपलेसे केले. कांहींही बोलण्यापूर्वीं वा करण्यापूर्वीं स्वतःस विचारावयाचें: हें खरें आहे का, सर्वांस न्याय्य आहे का, यानें स्नेह वाढेल का, आणि सर्वांचें हित होईल का. एकूण प्रश्न चार, सर्व सोडविणें आवश्यक, पर्याय नाहीं. माझ्यासारख्या जुन्या परीक्षकास प्रश्नपत्रिका पसंत पडली. उत्तरपत्रिका तपासण्याचें काम मात्र माझ्याकडे येऊं नये.

यानंतर एक पेटी फिरूं लागली. ज्याला ज्या गोष्टीचा आनंद झाला असेल त्यानें ती उभें राहून सांगावी आणि पेटींत पैसे टाकावे, अशी रीति आहे. एकाची मुलगी सनदी लेखापालाची परीक्षा पास झाली होती. एकाच्या वडिलांचा मोतीबिंदू निघून त्यांस पुन्हां वर्तमानपत्र वाचतां येऊं लागलें होतें. दूधसंकलन करणाऱ्या एका सभासदानें म्हैस व्याली म्हणून शंभर रुपये टाकले, आणि पारडी झाली म्हणून शंभर, रेडा झाला असता तर पन्नासच टाकले असते, असा हिशेबही दिला. सूनबाई उठली आणि म्हणाली, "आज माझे सासरे इथे आले आहेत," आणि पांचशेंची नोट टाकून खालीं बसली. मी खिशांतला चष्मा काढून विनाकारण पुसला.

माझा विषय होता 'रोजच्या शब्दांचें माहेर'. सभा हा शब्द वेदांइतका जुना आहे, आणि सभेस जो योग्य तो सभ्य अशी त्याची पाणिनीय व्युत्पत्ति आहे. म्हणजे इस्त्रीचे कपडे घालणारा तो सभ्य नव्हे; चौघांत बसतां येतें तो सभ्य. हें ऐकून बऱ्याच जणांनीं आपापल्या इस्त्रीकडे पाहिलें. मग आठवडा. सात दिवसांस संस्कृतांत सप्ताह म्हणतात, तें सरळ आहे. मग मराठी माणूस त्याच सातांस आठवडा कां म्हणतो? या गुरुवारापासून पुढच्या गुरुवारापर्यंत दोन्ही टोकें धरून मोजा, आठ भरतात. 'म्हणजे परत भेटण्याचा दिवस धरल्याशिवाय आपला आठवडा पुरा होत नाहीं,' असें मी बोलून गेलों. बोलण्याच्या भरांत आलेलें वाक्य तें. त्यांत मीं कांहीं योजिलें नव्हतें. पण खोलींत एकदम कांहीं जण हंसले, कांहीं जणांनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि मला कारण कळेना. नंतर मी पंधरवडा या शब्दाकडे वळलों, तोंच विसावें मिनिट भरलें व घंटा वाजली. पंधरवडा अर्धाच राहिला.

त्या हंसण्याचें कारण पुढें सांगतों. आधीं या आठवड्याच्या भेटीचें कूळ सांगितलें पाहिजे, कारण त्यावांचून पुढचा वाद उमगणार नाहीं.

या संस्थेचा जन्म शिकागोंत २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं झाला. वार मोजून पाहिला. तोही गुरुवारच होता. पॉल हॅरिस नांवाचा एक वकील. त्याचें बाळपण व्हर्माँट प्रांतांतील वॉलिंगफर्ड या लहानशा गांवीं आजी-आजोबांजवळ गेलेलें. पोटासाठीं तो १८९६ सालीं शिकागोंत आला. धंदा जमला, पण गांवाकडचा शेजार कांहीं मिळेना. आपल्याकडे कोंकणांतून वा देशावरून मुंबईस आलेल्या पहिल्या पिढीस याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. त्यांनीं गिरगांवांतल्या खोल्यांत तेंच दुःख भोगलें आणि गांवकऱ्यांचीं मंडळें काढलीं. हॅरिसनें, एक खाण-अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपी असे तिघे जमविले. अभियंता गस्टेव्हस लोअर याच्या कचेरींत, युनिटी बिल्डिंगमधील ७११ क्रमांकाच्या खोलींत, हे चौघे त्या रात्रीं बसले. पुढच्या बैठका पाळीपाळीनें एकमेकांच्या कचेरींत घ्यावयाच्या ठरल्या. त्या फिरण्यावरून रोटरी हें नांव पडलें. एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यावयाचा, म्हणजे सभेंत स्पर्धा शिरत नाहीं. बिल्ल्यावर व्यवसाय लिहिण्याचें मूळ तेथें आहे.

लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, आरंभीं सेवा हा हेतु नव्हताच. ओळख व्हावी, आणि ओळखीनें एकमेकांचा धंदा चालावा, इतकाच व्यवहार. भेटतां भेटतां त्यांस गांवाच्या अडचणी दिसूं लागल्या. आणि या सुटाबुटांतील मंडळींनीं १९०७ च्या सुमारास हातीं घेतलेलें पहिलें लोकोपयोगी काम कोणतें म्हणाल, तर शिकागोच्या नगरगृहाजवळ सार्वजनिक शौचालयें व्हावींत म्हणून केलेली खटपट! हें वाचल्यापासून माझा त्या मंडळींविषयींचा आदर वाढला. मंदिर बांधणारे पुष्कळ मिळतात.

आपल्या देशांत पहिला क्लब १९१९ सालीं कलकत्त्यास निघाला, मुंबईचा १९२९ सालीं. पुढें कलकत्त्याचेच नीतीशचंद्र लाहिरी १९६२-६३ मध्यें साऱ्या जगांतील रोटरीचे अध्यक्ष झाले. तो मान मिळविणारे ते पहिले आशियाई. हजेरीचा नियम पूर्वीं कडक होता. लागोपाठ चार सभा चुकल्या कीं सभासदत्व धोक्यांत. परगांवीं असाल तर तेथील क्लबाच्या सभेस बसावें आणि हजेरीची चिठ्ठी आणावी. शाळेंत इतका नियम मी लावूं शकलों असतों तर गणिताचे निकाल निराळे लागते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आणखी एक गोष्ट सांगतों. १९८९ पर्यंत या सभेंत स्त्रियांस सभासद होतां येत नसे. यजमानांबरोबर समारंभास यावें इतकेंच. कॅलिफोर्नियांतील ड्युआर्ट या लहान गांवच्या क्लबानें १९७७ सालीं स्त्रियांस सभासद करून घेतलें, तेव्हां वरिष्ठांनीं त्या क्लबाचीच मान्यता काढली. क्लब न्यायालयांत गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ४ मे १९८७ रोजीं क्लबाच्या बाजूनें निकाल दिला, आणि दोन वर्षांनीं नियम जगभर बदलला. २०२२-२३ सालीं कॅनडाच्या जेनिफर जोन्स या अखिल संस्थेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या. आमच्या सूनबाईच्या खुर्चीमागें एवढा दहा-बारा वर्षांचा कज्जा आहे, हें मला ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें तरी गुरुवारच्या आरतीवरून मी बोललों नसतों असें नाहीं.

या मंडळींत दोष नाहींत असें कोणीं समजूं नये. छायाचित्रांची हौस दांडगी. मी नोकरींत असतांना एका सेवासंस्थेनें, कोणत्या तें सांगत नाहीं, आमच्या शाळेंत वह्या वांटल्या होत्या. एक वही सहा जणांनीं धरलेली आणि तिच्यामागें मूल कोठें दिसत नाहीं, असें तें चित्र पुढें कित्येक वर्षें आमच्या कचेरींत लटकत होतें. पाहुण्याचा परिचय करून देणारा पाहुण्याहून अधिक वेळ घेतो, आणि आभार मानणारा त्या दोघांहून. शिवाय वर्गणी. गांवांतले डॉक्टर, वकील, व्यापारी त्या माडीवर होते. पण यादींत शिक्षकाची जागा रिकामी दिसली, आणि ती रिकामी कां हें कळण्यास शिक्षकाचा पगार पाहिला म्हणजे पुरे. अध्यक्षांस मीं तसें स्पष्ट सांगितलें. त्यांनीं वहींत टिपून घेतलें. पाहूं.

तरी न्याय केला पाहिजे. १९९५ पासून देशभर पोलिओच्या लशीचे रविवार होऊं लागले, तेव्हां आमच्या शाळेच्या ओसरीवर केंद्र असे आणि मी तेथें नांवें लिहावयास बसत असें. बर्फाच्या विटा भरलेल्या निळ्या पेटींत लशीच्या कुप्या, दोन थेंब पाजून झाले कीं मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. काम करीत त्या सरकारी आरोग्यसेविका, अंगणवाडीच्या बाया आणि आम्ही शिक्षक. रोटरीची मंडळी सकाळीं सहास गाडी आणून देत, वाड्यावस्त्यांवर माणसें पोंचवीत, आणि दुपारीं पोहे व चहा. एवढेंच का, असें मला तेव्हां वाटे. या संस्थेनें १९८५ सालीं जगांतून पोलिओ घालविण्याचें काम पत्करलें होतें आणि त्यासाठीं देशोदेशीं पैसा उभा केला होता, हें मला फार उशिरां कळलें. आपल्या देशांतील त्या रोगाचा अखेरचा रुग्ण, एक तान्ही मुलगी, जानेवारी २०११ मध्यें पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यांत आढळली, आणि २७ मार्च २०१४ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश पोलिओमुक्त झाल्याचें जाहीर केलें. माझ्या वर्गांत दर दोन-तीन वर्षांनीं एखादा मुलगा पायांत लोखंडी पट्ट्या घालून येई. निवृत्त होण्यापूर्वींच्या शेवटच्या वर्षांत तसा एकही नव्हता, आणि हें माझ्या ध्यानांत यावयास किती दिवस लागले! नसलेली गोष्ट डोळ्यांत भरत नाहीं.

असो. आतां त्या हंसण्याकडे येतों. माझें भाषण संपल्यावर चिटणिसांनीं एक सूचना वाचली: यापुढें सभा दर आठवड्यास न घेतां महिन्यांतून दोन वेळां घ्यावी, त्यावर महिनाअखेरच्या गुरुवारीं मतें घेतलीं जातील. म्हणजे मीं ज्या खोलींत आठवड्याची थोरवी गायिली त्याच खोलींत आठवडा जाऊन पंधरवडा यावयाचा होता! मला कोणीं तरी मुद्दाम बोलावून आणलें असावें, असा कित्येकांस संशय आला असेल.

सूचना आणणारा इमारती बांधणारा एक तरुण होता, आणि त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. २०१६ सालीं वरच्या परिषदेनेंच नियम सैल केले. महिन्यांतून किमान दोन सभा झाल्या तरी चालतात. बेचाळीस सभासदांपैकीं वीसबावीस येतात. जेवण चाळिसांचें सांगावें लागतें. लहान मुलें असलेल्यांस दर आठवडा जड जातो. निरोप तर आतां खिशांतल्या फोनवर क्षणांत मिळतात. "कामं आपण पूर्वीइतकीच करू," तो म्हणाला, "नुसतं भेटणं कमी होईल." यावर एक वृद्ध सभासद, जे पूर्वीं रेल्वेंत होते आणि ज्यांस कमी ऐकूं येतें, शेजाऱ्यास मोठ्यानें विचारूं लागले, "काय कमी होणार म्हणतोय?" शेजाऱ्यानें त्यांच्या कानाशीं सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वीं वारल्या आणि मुलगा परदेशीं आहे, हें सूनबाईनें मला परत येतांना गाडींत सांगितलें.

अध्यक्षांनीं शिष्टाचार म्हणून मलाही विचारलें. यजमानाच्या घरच्या वादांत पाहुण्यानें पडूं नये, म्हणून मीं हात जोडले. पण बोललों असतों तर जें बोललों असतों तें येथें लिहितों.

गेल्या आषाढांत आमचें कुटुंब न्हाणीघरांत पाय घसरून पडलें. खुब्याचें हाड मोडलें. जिल्ह्याच्या गांवीं शस्त्रक्रिया झाली आणि आठव्या दिवशीं, तो रविवार होता, डॉक्टरांनीं सांगितलें कीं घरीं न्या. मात्र डोक्याकडची बाजू वर उचलतां येईल अशी खाट पाहिजे, चाकांची खुर्ची पाहिजे, आणि पुढें हातांत धरून चालावयाचा चौकोनी आधार पाहिजे. रविवारीं हें कोठून आणावयाचें? मी आणि धाकटा भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. सूनबाईनें रुग्णालयाच्या व्हरांड्यांत उभें राहून तीन ठिकाणीं फोन केले. असल्या वस्तु त्यांच्या क्लबानें गरजवंतांस बिनभाड्यानें वापरावयास देण्यासाठीं घेऊन ठेवल्या आहेत. गोदाम लोखंडाच्या एका व्यापाऱ्याचें, किल्ली त्यांच्याकडे. टेंपो त्या म्हशीवाल्या सभासदाचा. आम्ही रुग्णास घेऊन चार वाजतां घरीं पोंचलों तों टेंपो दारांत उभा.

खाट लोखंडी, वजन भयंकर. उचलावयास चौघे होते. म्हशीवाले, लोखंडवाले, त्यांचा गडी, आणि चौथे शेजारचे कापडदुकानदार. हे चौथे कोण, तें सांगितलें पाहिजे. आमच्या वाड्याची उत्तरेकडील भिंत आमची एकट्याची कीं सामाईक, यावर त्यांच्याशीं आमचा अकरा वर्षें दिवाणी दावा चालू आहे. तोंडें दोन दिशांस. दिवाळीचा फराळही जात नाहीं. ते गृहस्थ आमच्या उंबऱ्याच्या आंत अकरा वर्षांत पाऊल टाकून आले नव्हते. देवडीच्या वळणावर खाट अडली. मी मध्यें लुडबुड करूं लागलों तेव्हां त्यांनीं खाटेचें दुसरें टोक खांद्यावर घेतलें आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही बाजूला व्हा, बोट सापडेल." खाट माजघरांत गेली. सूनबाईनें सर्वांस चहा केला, त्यांनींही घेतला. जातांना त्यांनीं उत्तरेच्या भिंतीकडे एकदां पाहिलें, मींही पाहिलें. कोणीं कांहीं बोललें नाहीं.

रात्रीं मीं सूनबाईस विचारलें, "त्यांना कोणी बोलावलं?" ती म्हणाली, "मी. आमच्याकडे दर गुरुवारी मेजं बदलतात. वर्षातून सात-आठ वेळा तरी ते माझ्या शेजारी येतात. भिंतीचा विषय आम्ही काढत नाही." माझ्या पाठीमागें, माझ्याच दाव्यांतील प्रतिवादी माझ्या सुनेजवळ बसून तीन वर्षें आमटी-भात जेवत होता, आणि ती उपाशीपोटीं त्याच्याशीं दांतांच्या व पावसाच्या गोष्टी करीत होती!

महिन्यांतून दोन सभा झाल्या तरी नेत्रशिबिरें होतील, वह्या वांटल्या जातील, गोदामांत खाट राहील आणि किल्लीही राहील. त्या तरुण गृहस्थांचें तें गणित बिनचूक आहे. पण सात-आठ वेळांचे तीन-चार वेळां झाले असते, तर सूनबाईनें त्या रविवारीं तो चौथा फोन केला असता का, आणि ते आले असते का? मला उत्तर देतां येत नाहीं, आणि म्हणूनच पंधरवड्याच्या बाजूनें माझें मन होत नाहीं. जें काम सांगून करतां येतें तें फोननें होतें. दावा चालू असतांना खाटेस खांदा देणें हें कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेंत लिहितां येत नाहीं.

दावा अद्याप चालू आहे. पुढची तारीख चैत्रांत आहे. आमचे वकील म्हणतात कीं बाजू भक्कम आहे. त्यांचेही वकील तसेंच म्हणत असतील.

मतें या आठवड्यांत पडावयाचीं आहेत. हा अंक वाचकांच्या हातीं जाईपर्यंत निकाल लागलेला असेल. सूनबाई कोणत्या बाजूस आहे, तें तिनें घरांत सांगितलें नाहीं व मीं विचारलें नाहीं. पत्र लिहिणाऱ्या भगिनीस मात्र एवढें सुचवितों कीं, स्वारी परत आली म्हणजे आज कोणतें भाषण झालें हें न विचारतां, आज शेजारीं कोण बसलें होतें, हें विचारून पाहावें.

आमच्या घरीं गुरुवारची आरती आतां सातास होते; कुटुंबानेंच, काठी टेकीत देवघरांत येऊन, ती अर्धा तास अलीकडे ओढली. सूनबाई आरती करून निघते. दहाच्या सुमारास ती परत येईपर्यंत तिचें ताट झाकून ठेवण्याचें काम माझ्याकडे आहे. भात मला गरम करतां येतो. वरण अजून तळाशीं लागतें.